डुप्लिकेट चालेल, खोटी चालणार नाही

आमच्या मावस-मामेभावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले काही आठवडे जोरदार खडाजंगी चालू आहे, आणि विषय आहे व्हिडिओ गेमची कॅसेट. नाशिकच्या मावसभावानं ऑनलाइन 'कॉन्ट्रा' या जुन्या गेमची कॅसेट मागवली. वरचं प्लास्टिक नवं, आतला बोर्ड नवा, चिप नवी, लेबल मात्र १९८८ च्या जपानी कॅसेटवरून जसंच्या तसं उचललेलं. ताई पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, ती भडकली. "आता हातात पैसा आहे ना तुझ्या? मग ज्यांनी गेम बनवला त्यांना दे की. उद्या मी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुणी असं छापून विकलं तर चालेल का तुला?" त्यावर याचं म्हणणं, "अगं ताई, आपलं अख्खं लहानपण डुप्लिकेटवर गेलं. तेव्हा कुणी सोवळं पाळलं होतं? मग आताच कशाला?" शेवटी दोघांनी मला मध्ये ओढलं. "दादा, तू टोकियोत आहेस, या गेमांच्या माहेरी. तूच सांग."

तर माझं मत असं. नव्या सुट्या भागांतून बनवलेली जुन्या गेमची कॅसेट घेण्यात मला मुळात गैर वाटत नाही. पण ती मूळ कॅसेट असल्याचं सोंग आणत असेल, तर तिला हात लावू नये. आणि गेम जर मालक कंपनी आजही विकत असेल, तर पैसे तिथेच द्यावेत. हे मत ना धड टोकियोत तयार झालं, ना नाशकात. दोन्हीकडचे युक्तिवाद एकमेकांसमोर ठेवल्यावरच ते पक्कं झालं.

आधी इथली बाजू. मी निशी-कसाईला राहतो. तोझाई लाइननं कायाबाचो, तिथून हिबिया लाइन, की अकिहाबारा. तिथल्या जुन्या गेमांच्या दुकानांत फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या जुन्या घरगुती गेम-यंत्राच्या, कॅसेट पारदर्शक पिशव्यांत रांगेनं लावलेल्या असतात. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: खोका नाही, लेबल फाटलंय, पाठीवर नाव लिहिलंय. हे शेवटचं नेहमी दिसतं. चाळीस वर्षांपूर्वी कुण्या मुलानं शाळेत किंवा मित्राकडे कॅसेट हरवू नये म्हणून मार्करनं नाव घातलेलं असतं, आणि दुकानदार तेवढ्यासाठी किंमत उतरवतो. मला अशाच कॅसेट जास्त आवडतात. साध्यासुध्या गेमची मूळ कॅसेट आजही काहीशे येनमध्ये मिळते.

हा बाजार इथे सुखासुखी उभा राहिलेला नाही. वापरलेल्या गेमांच्या विक्रीविरुद्ध जपानी गेम कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. २५ एप्रिल २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर कंपनीचा हक्क उरत नाही. त्या निकालामुळे ही दुकानं टिकली, आणि म्हणून इथला संग्राहक सरळ विचारतो, "मूळ मिळत असताना नक्कल कशाला?" ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्यानं मला हेच विचारलं होतं. त्याच्या जागी तो बरोबर आहे. नाशिकला मात्र हा प्रश्न लागू पडत नाही.

कारण आपल्याकडे मूळ गोष्ट बहुतेकांच्या दारापर्यंत आलीच नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आलं ते फॅमिकॉमची नक्कल असलेलं यंत्र. कुणाकडे 'मीडिया', कुणाकडे बिननावाचं. लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत, नाहीतर गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत कॅसेट मिळायची. दिवसाच्या भाड्यानं आणायची, शनिवारी रात्री आणली की रविवार वसूल. (जपानमध्ये गेम भाड्यानं देण्याचा धंदा उभाच राहिला नाही, हे मी इथे सांगितलं की आपले लोक थक्क होतात.) त्या पिवळ्या कॅसेटचं झाकण उघडलं की आत चिप म्हणून दिसायची नाहीच. हिरव्या बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा एक गोळा, बस. उघडी सिलिकॉनची चकती थेट बोर्डावर चिकटवून त्यावर तो गोळा ओतायचा, म्हणजे चिपच्या आवरणाचा खर्च वाचतो. लेबलवर '९९९९ इन १', आत खेळ मोजकेच, बाकी त्यांचीच फिरवाफिरव: हाच गेम तिसऱ्या लेव्हलपासून, तोच गेम जास्त जिवांसह.

आकडा खोटा होता, हे मान्य. पण ती कॅसेट आपण निन्टेन्डोची आहोत असं कुणाला सांगत नव्हती. आमच्यापैकी निम्म्यांनी निन्टेन्डो हे नावच ऐकलेलं नव्हतं. आम्ही मूळ नाकारून नक्कल घेतली असं नव्हतंच, कारण निवड करायला समोर दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. म्हणून त्या पिढीवर कुणी चोरीचा शिक्का मारला की मला राग येतो. आणि म्हणूनच मावसभावाचा युक्तिवादही मला पटत नाही. तेव्हाच्या नाइलाजाचं भांडवल आज करता येत नाही. आज निवड आहे. 'कॉन्ट्रा' बनवणाऱ्या कोनामी कंपनीनं २०१९ मध्ये त्याच्या जुन्या आवृत्त्यांचा अधिकृत संग्रह काढला, तो डाउनलोड करून खेळता येतो. शिवाय आपल्याकडची ती यंत्रं जपानी फॅमिकॉमच्याच ६० पिनांच्या साच्याची. इथली मूळ जपानी कॅसेट त्यांत सहसा चालते. परक्या कॅसेट अडवणारी कुलपाची चिप फॅमिकॉममध्ये नव्हतीच, ती त्याच्या अमेरिकेतल्या अवतारात आली.

गणपतीत घरी गेलो तेव्हा मी त्याची ती कॅसेट उघडली. पहिल्या नजरेला काम स्वच्छ वाटलं. पिनांवर सोनेरी मुलामा, बोर्डाची कड नीट तासलेली, त्यामुळे यंत्राच्या खाचेला ओरखडे पडत नाहीत. मग चिपवरचा नंबर वाचला. आजकालची फ्लॅश चिप, ३.३ व्होल्टवर चालणारी. फॅमिकॉम, सुपर फॅमिकॉम, जुना गेम बॉय, मेगा ड्राइव्ह ही सगळी ५ व्होल्टची यंत्रं. दोघांच्या मध्ये व्होल्टेज जुळवणाऱ्या छोट्या चिपा बसवाव्या लागतात. त्या या बोर्डावर नव्हत्या. यंत्राची ५ व्होल्टची लाइन थेट फ्लॅश चिपच्या पायांवर. आज चालते, उद्याही चालेल, पण चिप रोज मार खाते आणि उलट दिशेनं यंत्राच्या जुन्या चिपांवरही ताण येऊ शकतो. त्या जुळवणीच्या चिपा काही महाग नसतात. विक्रेत्यानं तेवढेही वाचवले, आणि लेबल मात्र चकचकीत कागदावर छापलं. पैसा कुठे गेला आणि कुठे वाचला, यावरून बनवणाऱ्याची नियत कळते.

'नवीन भाग म्हणजे जास्त टिकाऊ' हा समजही काढून टाकायला हवा. चाळीस वर्षांपूर्वीच्या मूळ कॅसेटमध्ये गेम कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. त्या बहुतांश अजून चालतात. दगा देतो तो सेव्ह, म्हणजे खेळातली आपली प्रगती, राखणारा बटण सेल, आणि तो बदलता येतो. फ्लॅशमध्ये गेम विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो, आणि त्या चिपांचे उत्पादक सर्वसाधारणपणे २० वर्षांची हमी देतात. म्हणजे आजची नवी कॅसेट कदाचित तिच्या चाळीस वर्षांच्या आईच्या आधी जाईल. घेणाऱ्यानं हे माहीत असून घ्यावं.

तरी मी नव्या भागांच्या बाजूनं का आहे? पूर्वी अमेरिकेत अशा कॅसेट बनवताना एखाद्या स्वस्त, कुणाला नको असलेल्या गेमची मूळ कॅसेट फोडायचे, तिची चिप उपटून त्या जागी स्वतः भरलेली चिप डकवायचे. दरवेळी एक मूळ वस्तू कायमची जायची. आज कुणाला नको म्हणून फोडलेला गेम उद्या कुणी शोधत येतं, तेव्हा तो उरलेला नसतो. पूर्ण नव्या बोर्डामुळे ही कत्तल थांबते. माझ्या लेखी हा या कॅसेटींचा सगळ्यांत मोठा गुण आहे.

दुसरं, विकतच न मिळणाऱ्या गेमांचं काय? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोनं ३डीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात गेमांच्या प्रती जमा व्हायला लागल्या त्या २००० सालापासून, म्हणजे फॅमिकॉमचा सगळा काळ त्याआधीच निघून गेला होता. 'मदर ३' हा गेम २००६ मध्ये फक्त जपानात आला. चाहत्यांनी खपून २००८ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर पूर्ण केलं. निन्टेन्डोनं तो २०२४ मध्ये आपल्या ऑनलाइन सेवेत पुन्हा आणला, तोही जपानीतच. मावसभावाच्या मुलीला तो गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावर इंग्रजीत खेळायचा असेल, तर नव्या भागांची कॅसेट सोडून कुठला मार्ग आहे? इथे ताईच्या "त्यांना पैसे दे"ला अर्थ उरत नाही. इंग्रजी आवृत्तीचे पैसे घ्यायला कुणी बसलेलंच नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो दोन्हीकडे कडक आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत हरवण्या-बिघडण्यापासून राखायला म्हणून करायची मुभा आहे. ती विकायची मुभा नाही. जपानात कंपनीच्या नावानं निघालेल्या कृतीवरचा हक्क प्रकाशनानंतर ७० वर्षं चालतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो ५० वरून ७० वर गेला. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' २०५५ संपेपर्यंत बांधलेला राहणार. विनापरवाना कॅसेट विकणारा दोन्ही देशांत कायदा मोडतो, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो. मी करतोय तो फरक कायद्यातला नाही. घेणाऱ्याला फसवलं की नाही, एवढ्यावर तो उभा आहे.

परवाना घेऊन हे काम करणारे आहेत, हेही सांगायला हवं. जपानात कोलंबस सर्कल ही कंपनी फॅमिकॉमसाठी नव्या कॅसेट काढते. २०१६ मध्ये तिनं '८बिट म्युझिक पॉवर' हा संगीताचा संग्रह चक्क फॅमिकॉमच्या कॅसेटवर काढला. इरेम कंपनीचा 'होली डायव्हर' पूर्वी अमेरिकेत आलाच नव्हता, तो २०१८ मध्ये रेट्रो-बिट या कंपनीनं तिथल्या यंत्रासाठी काढला. पण परवाना म्हणजे दर्जा असंही नाही. २०१७ मध्ये 'स्ट्रीट फायटर २'ची परवानाधारक कॅसेट आली, तिच्यासोबत इशारा होता की या कॅसेटनं यंत्र तापू शकतं, पेटूही शकतं. शंभर डॉलरच्या वस्तूबरोबर असा इशारा देणं मला अजिबात मान्य नाही. बोर्ड नीट बनवायचा.

आणि आता जिथे खरं नुकसान होतंय ती जागा. आपल्याकडच्या ऑनलाइन बाजारात गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेट 'ओरिजिनल' म्हणून सर्रास विकल्या जातात. मूळ कॅसेटच्या लेबलवर दोन आकडी नंबर दाबून उठवलेला असतो, उजेडात तिरकी धरली की दिसतो. पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव असतं. बनावट कॅसेटींत बहुधा यातलं काही नसतं. आईवडील मुलाच्या वाढदिवसाला विश्वासानं घेतात, मूल महिनाभर खेळतं, आणि एक दिवस सेव्ह उडतो, कारण मूळ गेमला लागणारी साठवणीची चिप न घालता जुजबी काहीतरी बसवलेलं असतं. त्या मुलाला कोण काय सांगणार? आमची पिवळी कॅसेट असं कुणाला फसवत नव्हती.

ताईला मी हे सगळं लिहून पाठवलं, वर एक प्रश्नही टाकला. अकिहाबारातून वापरलेली मूळ कॅसेट घेतली, तरी कोनामीला एक येनही मिळत नाही. मग ती घेणं बरोबर आणि नवी घेणं चूक, असं कशावरून? तिचं उत्तर आलं, "वापरलेल्या कॅसेटचे पैसे एकदा तरी बनवणाऱ्यापर्यंत पोचलेत. नव्याचे कधीच पोचत नाहीत." हे मला पटलं. 'कॉन्ट्रा'च्या बाबतीत ताईचंच खरं, आणि मावसभावाला मी तसं सांगितलं. ती ३.३ व्होल्टची कॅसेट यंत्रातून काढ, मी पुढच्या खेपेला इथून मूळ घेऊन येतो. फॅमिकॉमवरचा 'कॉन्ट्रा' महाग आहे, पण त्यात कोनामीची स्वतःची खास चिप आहे. तिच्या जोरावर जंगलातली झाडं हलतात, बर्फ पडतो, जे अमेरिकन आवृत्तीत नाही. त्याला ते बघायचंच आहे.

'मदर ३'ची नवी कॅसेट त्यानं मुलीसाठी घ्यावी असं मात्र मी सांगितलं. पाठीवर 'पुनर्निर्मिती' आणि साल छापून देणाऱ्याकडूनच घे, म्हणजे पुढेमागे ती कुणाकडे गेली तरी तो माणूस फसणार नाही. पैसे देण्याआधी उघड्या बोर्डाचा फोटो आणि सेव्ह कुठल्या चिपवर होतो ते माग. आधीच्याच विक्रेत्याला त्यानं हे विचारलं. उत्तर आलं, "लेबल अगदी ओरिजिनलसारखं आहे, बघा." बोर्डाचा फोटो आला नाही, म्हणून ऑर्डर दिलेली नाही. दुसरा विक्रेता शोधणं चालू आहे, आणि शोधतेय ताई.