प्रकृतीच्या कारणास्तव बसणे

गटारी तोंडावर आली आहे. तरुण मित्रांनो, यंदा तरी बसा. मराठीत दारू कुणी पीत नाही, सगळे ‘बसतात’. उठवायचं काम इतरांचं.

आधी कायदा पाळा. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा 5 रुपयांत, जन्मभराचा 1000 रुपयांत. आणि तो कशासाठी मिळतो? मौजेसाठी नव्हे, आरोग्य राखण्यासाठी! म्हणजे चकणा पुढे घेऊन बसलेली ती मंडळी खरं तर औषधोपचार घेत असतात. बिअर-वाइनचा रुग्ण 21 व्या वर्षी होता येतं, व्हिस्की-रमचा 25 व्या. विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भागही पंचविशीच्या आसपासच पुरा होतो. म्हणून तुम्ही सतराव्या वर्षीच सुरुवात करा. बांधकाम अर्धवट असतानाच भिंत पाडली की मलबा कमी निघतो.

यकृताची काळजी नको. ते जुन्या कारकुनासारखं आहे. तासाला साधारण एक पेग निकाली काढतं. टेबलावर फायलींचा ढीग लावा, लिंबू पिळा, गार पाण्याखाली डोकं धरा, साहेब वेग वाढवणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तर 1988 सालीच दारूला तंबाखूच्या पंगतीत नेऊन ठेवलं. म्हणजे तीही बसलीच.

येताना गाडी तुम्हीच चालवा. नाकाबंदीत फुंकायला सांगतील. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं, तर पहिल्याच खेपेला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिथे तो पाच रुपयांचा परवाना काढून दाखवा. हवालदारांनाही जरा करमणूक हवी असते.

दारू फारच काका लोकांची वाटत असेल, तर एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ, आहे. डॉक्टरकीच्या एमडीला आधी नीट, मग साडेपाच वर्षं, मग पुन्हा नीट. या एमडीला कोपऱ्यावरचा एक मित्र पुरतो. झोप, भूक आणि आईचं मंगळसूत्र हळूहळू नाहीसं होतं, पण नातेवाइकांना ‘मुलगा एमडी करतोय’ असं बिनदिक्कत सांगता येतं.

तेव्हा बसा. रात्री दोनला दोघं जण तुम्हाला जिन्यानं वर आणतील, आई न बोलता बादली सरकवेल, आणि सकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं की सांगेल, “काही नाही हो, जरा प्रकृती बरी नाही त्याची.”

परवान्यातही प्रकृतीचंच कारण असतं.