खारं पाणी लागलेली स्कूटर आणि तो हिरवा दिवा

देवबागला उधाणाचं पाणी काकीच्या खळ्यात शिरलं आणि इलेक्ट्रिक स्कूटर सीटपर्यंत बुडाली. त्यानंतर तिला जो फॉरवर्ड आला तो आता मालवणातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मजकूर असा: परदेशी शास्त्रज्ञांनी प्रकाशाने बॅटरीच्या आत बघणारा सेन्सर शोधलाय, तो आता स्टिकरच्या रूपात मिळतो, आग लागण्याच्या २४ तास आधी लाल दिवा लागतो, हिरवा असेल तर पाण्यात गेलेली गाडीही उन्हात वाळवून बिनधास्त चार्ज करा, नव्या गाड्यांत हा सेन्सर कंपनीनेच बसवलेला असतो. काकी प्लग हातात घेऊनच मला विचारत होती.

स्टिकर बॅटरीच्या डब्यावर चिकटवायचा म्हणे! आतल्या प्रत्येक सेलला धातूचं आवरण असतं, त्यातून प्रकाश आत जाणार कुठून? खरा सेन्सर म्हणजे केसासारखी काचेची तार. तिच्यात कोरलेल्या सूक्ष्म रेषा ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतात, आणि तापमान एक अंश वाढलं की ती तरंगलांबी जेमतेम १० पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर) सरकते. ते मोजायला वेगळं महागडं यंत्र लागतं. स्टिकरवरच्या एलईडीला ते जमणार नाही.

शोध लागलाय हे मात्र खरं, मान्य करावंच लागतं. २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात चिनी संशोधकांनी १२५ मायक्रॉन जाडीची अशी तार १८६५० नावाच्या नळकांडी आकाराच्या सेलच्या आत घालून, सेल पेटेपर्यंत आतलं तापमान आणि दाब मोजला. पेटण्याआधी दोन्हींच्या आलेखांत अचानक वळण येतं, त्यावरून धोका ओळखता येईल असं ते म्हणतात. पण तो सेल प्रयोगशाळेत मुद्दाम तापवलेला होता. खळ्यात उभ्या स्कूटरच्या २४ तासांशी त्याचा काय संबंध?

आता तो हिरवा दिवा. माणसं मरतील ती यानेच. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. बऱ्याच सेलच्या जोडणीतून बनलेल्या बॅटरी पॅकमध्ये ते शिरलं की जोडण्या गंजतात, आणि वाळवल्यावर पाणी उडतं पण मीठ तिथेच राहतं. आपल्या दमट हवेत ते पुन्हा ओलं व्हायला कितीसा वेळ लागतो! २०२२ मध्ये इयान वादळानंतर फ्लोरिडात अशा बुडालेल्या गाड्या पाणी ओसरून गेल्यावर पेटल्या. तेव्हा अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने लिहून दिलं होतं: मिठाचे पूल तयार होऊन पॅकमध्ये शॉर्टसर्किट होतं, बॅटरी आपोआप तापते, आणि पेटायला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. म्हणजे सेलमध्ये खरीखुरी तार असली, तरी जोडण्यांवरचं मीठ तिला दिसणार नाही. तापायला लागेपर्यंत सगळं हिरवंच.

नव्या गाड्यांचं म्हणाल, तर त्यांत तापमान मोजणारे साधे थर्मिस्टर आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. आपल्याकडे २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींनंतर बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ नियम कडक झाले, पॅकला पाणी आत न शिरण्याची आयपीएक्स७ चाचणी आली, हे चांगलंच झालं. पण ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची आहे. उधाणाचं पाणी घड्याळ बघून ओसरत नाही.

स्टिकरच्या भरवशावर रात्रभर घरात चार्जिंग? त्यावर बोलायलाच नको.

बुडालेली गाडी चालू करू नका, प्लग लावू नका. घर, मांगर, गवताची उडवी यांपासून लांब, उघड्यावर ढकलून ठेवा. सर्व्हिस सेंटरला नुसतं ‘चालू होत नाही’ असं सांगू नका. खाऱ्या पाण्यात किती वेळ होती तेही सांगा, नाहीतर तिथला पोरगा पहिल्यांदा चार्जरच लावून बघेल.