खिळा दिसला की लगेच उपटायचा नसतो

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचं सार असं: कारच्या ट्यूबलेस टायरचं पंक्चर घरच्या घरी पाच मिनिटांत काढता येतं, खिळा उपटा, भोकात स्ट्रिप (चिकट रबरी दोरी) खुपसा, झालं, भोक कुठेही असलं तरी चालतं, स्ट्रिप टायर संपेपर्यंत टिकते, सरकारनेच स्टेपनी रद्द केली आहे, आणि पंक्चरवाले लुबाडतात, तेव्हा त्यांच्याकडे जाऊच नका.

स्ट्रिपचं किट डिकीत असावं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो बाकीच्या वाक्यांशी.

‘खिळा उपटा.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा बऱ्याचदा स्वतःच भोकाचं बूच होऊन बसतो आणि हवा अगदी सावकाश जाते. तो उपटला की थोड्याच वेळात टायर बसतो, आणि तोवर चालण्याजोगी असलेली गाडी जागेवर अडकते. म्हणून आधी हवा मोजा. दाब फारसा उतरला नसेल तर खिळा आहे तिथेच राहू द्या, हवा पुरती भरा आणि बेताच्या वेगाने जवळच्या पंक्चरवाल्याकडे जा. घरीच काम करायचं असेल तर आधी साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघा. रबराच्या जाड थरातच अडकलेला आखूड खिळा पुष्कळदा आरपार गेलेलाच नसतो. तिथे पंक्चर काढायला बसणं म्हणजे धडक्या टायरला हाताने भोक पाडणं.

‘पाच मिनिटांत.’ रोज तेच काम करणाऱ्या हाताला, हो. किटमधली कानशीसारखी सळई भोकातून आत-बाहेर फिरवायला चांगलाच जोर लागतो, कारण रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्या तारांची तुटकी टोकं घासून बोथट केली नाहीत तर तीच पुढे स्ट्रिपला कापतात. खिळा ज्या तिरक्या कोनात शिरला त्याच कोनात सळई जायला हवी. सरळ घुसवली तर दुसरीच वाट तयार होते. मग सोल्युशन लावलेली स्ट्रिप दाभणाने आत ढकलायची, दोन्ही टोकं थोडी बाहेर ठेवायची आणि दाभण न पिळता एका झटक्यात सरळ ओढायचं. व्हिडिओत हा सगळा खटाटोप दिसत नाही, कारण तिथलं चाक बहुतेक वेळा काढून समोर ठेवलेलं असतं. गाडीखालचं चाक, त्यातून मागचं असेल तर, हात घालायला जागाच देत नाही. म्हणजे जॅक आला, हँडब्रेक आला, दुसऱ्या चाकाला दगडाची अटक आली, आणि गाडी उचलण्याआधी नट सैल करणं आलं.

‘भोक कुठेही असो.’ नाही. मधल्या, नक्षीच्या पट्ट्यातलं आणि साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचंच भोक दुरुस्त करावं, हा टायर उद्योगातला सर्वमान्य दंडक आहे. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, शिवाय तिथे पोलादी पट्टेही नसतात. तिथली स्ट्रिप सैल होत जाते. नक्षी आणि बाजू जिथे मिळतात त्या खांद्यालाही हेच लागू. तिथे खिळा घुसला असेल तर नवा टायर, दुसरा उपाय नाही. खर्च जिवावर येतो, पण द्रुतगती मार्गावर बाजू फुटली तर गाडी हातात राहत नाही.

‘टायर संपेपर्यंत टिकते.’ पुष्कळदा टिकतेही, आणि म्हणूनच या दाव्यावर लोकांचा विश्वास बसतो. पण स्ट्रिप बाहेरून बसते, आतून टायर कोणी पाहिलेलाच नसतो. हवा गेलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालली तरी बाजूचं रबर आतल्या आत घासलं जातं. टायर रिमवरून उतरवला की आत काळी रबराची पूड सापडते. अशा टायरचं भोक उत्तम बुजवलं तरी टायर बाद. दुसरं, भोकातून पाणी तारांपर्यंत पोचलं तर त्या गंजतात. म्हणून खरी दुरुस्ती आतून होते: टायर उतरवून, तपासून, आतली जागा घासून मशरूम पॅच लावायचा. त्याचा दांडा भोक भरतो आणि टोपी आतला हवाबंद थर झाकते. त्याला स्ट्रिपपेक्षा जास्त पैसे पडतात आणि वेळही जातो, पण लांबच्या प्रवासाआधी एवढं करून घ्यावं. भोक आपोआप बुजावं म्हणून टायरमध्ये आधीच भरून ठेवायच्या सीलंट द्रवाचीही हीच गत: तात्पुरतं काम भागतं, पण आतला चिकटा पॅचआधी साफ करावा लागतो आणि काही द्रव दाब मोजणाऱ्या सेन्सरलाही बाधतात.

‘सरकारने स्टेपनी रद्द केली.’ जुलै 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, एवढं खरं. पण ती सूट आहे, तीही सशर्त: 3.5 टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालतं. तुमच्या दहा वर्षांच्या हॅचबॅकमधली स्टेपनी माळ्यावर टाकून डिकी मोकळी करा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नसतो, तिथे स्टेपनीच लागते.

राहिले पंक्चरवाले. एका खिळ्याची चार भोकं करणारे महाभाग हायवेवर भेटतात, नाकारण्यात अर्थ नाही. उपाय सोपा आहे: काम चालू असताना तिथेच उभं राहा, प्रत्येक भोकावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडा दाखवायला सांगा आणि काढलेला खिळा हातात मागा.

आणि किट घेतलंच असेल तर मधूनमधून उघडून बघा. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की वाळते, आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप सोबत नसेल तर स्ट्रिप बसवूनही गाडी तिथेच उभी राहील.