लॉसीमाउथचा वालुकाश्म आणि आपला सिरोंचा

गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातल्या जीवाश्मांचा विषय निघाला की आमच्या मित्रमंडळींत एक सूर हमखास लागतो: इंग्रजांनी विदर्भातलं सगळं लंडनला नेलं, ते आधी परत आणा. मागणीत चूक काही नाही. पण स्कॉटलंडच्या उत्तर भागात राहून मला ती अपुरी वाटू लागली आहे.

इथे मोरे परगण्यात लॉसीमाउथचा वालुकाश्म आहे. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नुकते उदयाला येत होते तेव्हा, इथे वाळूच्या टेकड्या होत्या. त्यांचाच हा दगड झाला. बांधकामासाठी खाणकामगारांनी तो फोडला, म्हणून त्यातले प्राणी जगाला कळले. हाडं मात्र बरीचशी विरघळून गेलेली. दगड उकलला की हाती लागते ती हाडाच्या आकाराची पोकळी, कडा अगदी रेखीव. पूर्वी त्यात लवचीक पदार्थ ओतून ठसा काढत, आता सीटी स्कॅन करतात. १९०७ साली वर्णन झालेल्या स्क्लेरोमोक्लस या वीतभर प्राण्याचं टेरोसॉरांशी, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांशी, जवळचं नातं आहे, हे २०२२ मध्ये स्कॅनमुळेच पुढे आलं. शंभर वर्षं ते दगड कुणीतरी नीट जपले होते!

इथलेही कितीतरी नमुने लंडनला गेलेत. तरी मोरेमधल्याच एल्गिनसारख्या छोट्या गावानं १८४३ मध्ये स्वतःचं संग्रहालय बांधलं, आणि आजही ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. तिथे दिसणाऱ्या हायपरोडापेडॉन या चोचीसारख्या तोंडाच्या शाकाहारी सरीसृपाचे भाऊबंद आपल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, मालेरीच्या खडकांतही सापडतात. तिथून जीवाश्म गोळा करणारे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हेही मूळचे स्कॉटिशच.

खाण मंत्रालयानं डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा, म्हणजे महत्त्वाच्या खडकांच्या जागा आणि जीवाश्म, जतन करण्याच्या कायद्याचा मसुदा काढला, तेव्हा सगळे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतील अशी हरकत संशोधकांनी घेतली. हरकत रास्त होती. पण ज्याच्या शेतात हाड निघतं, त्या शेतकऱ्याबद्दल या वादात फारच कमी बोललं गेलं.

सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला वनविभागानं जीवाश्म उद्यान केलंय, ते मला मोलाचं वाटतं. स्कॉटलंडनं २००८ मध्ये जीवाश्म संहिता काढली: परवानगी कुणाची घ्यायची, काय हलवायचं नाही, सापडलं तर कुणाला कळवायचं, हे त्यात सामान्य माणसाला समजेल असं सांगितलंय. तशी पुस्तिका मराठी, तेलुगू आणि गोंडीत काढून सिरोंच्याच्या शाळाशाळांत पोचवा, वडधमला गावातलीच मुलं प्रशिक्षण देऊन नेमा. लंडनशी पत्रव्यवहार त्याच्या जोडीनं चालू राहू दे.