प्लग-ऑन ट्रान्समीटर : ‘आवाज फाटतो’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

केबलच्या माईकला प्लग-ऑन ट्रान्समीटर, म्हणजे माईकच्या शेपटीला थेट बसवून त्याला बिनतारी करणारे खोके, जोडण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : ‘ट्रान्समीटर जोडला तरी माईक केबलवर वाजतो तसाच वाजतो’ हे माझे वाक्य दिशाभूल करणारे आहे. आपण कंडेन्सर माईक (ज्याला चालायला वीज लागते तो) लावलात तेव्हा मिक्सरवरचे फँटमचे, म्हणजे केबलमधूनच माईकला वीज देणारे, ४८ व्होल्टचे बटण दाबूनही तो मुकाच राहिला. फँटम देणारा दुसरा ट्रान्समीटर आणलात, तर गायिकेने वरचा स्वर लावताच आवाज फाटला. एकाच जातीचे दोन डायनॅमिक (वीज न लागणारे) माईक, एक केबलवर आणि एक ट्रान्समीटरवर, शेजारी ठेवून ऐकले तर आवाज पोकळ आला. आणि पंधरा-वीस पावलांवर सिग्नल तुटू लागला. तेव्हा लोकांनी या फंदात न पडता सरळ कॉर्डलेस हॅण्डहेल्ड माईक घ्यावा, असा आपला निष्कर्ष आहे.

ते वाक्य मी मागे घेतो. ‘तसाच’ हा शब्द निष्काळजीपणे पडला होता. माईक तोच राहिला तरी त्याला पुढे जे भेटते ते बदलते. केबलवर त्याची गाठ थेट मिक्सरच्या प्रीअँपशी, म्हणजे माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाशी, पडते. इथे ती आधी ट्रान्समीटरमधल्या छोट्या प्रीअँपशी पडते आणि मिक्सरचा क्रमांक फार उशिरा लागतो. शिवाय अ‍ॅनालॉग प्रणालीत आवाजातले चढउतार पाठवताना निम्म्यावर दाबले जातात आणि रिसीव्हरमध्ये पुन्हा तेवढेच फुलवले जातात. भरलेल्या सभागृहात हे कुणाला जाणवत नाही. पण शांत जागी एखादा स्वर विरत असताना मागची सळसळ त्याच्याबरोबर वरखाली होते, ती सरावलेल्या कानाला लागतेच. एवढा फरक मी लिहायला हवा होता.

मात्र आपल्या चारही तक्रारी या फरकातून आलेल्या नाहीत, असे मला वाटते. हॅण्डहेल्ड माईकमध्ये कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग) आणि प्रीअँप यांची जुळवणी कारखान्यातच झालेली असते, तर प्लग-ऑनमध्ये ती जोडणाऱ्याने करायची असते. ती झाली नाही की दोष उपकरणाचा वाटतो.

मुक्या माईकचे कारण सोपे आहे. फँटमची वीज एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या जोडाच्या) २ आणि ३ क्रमांकांच्या पिनांवर, प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, सारखीच दिली जाते आणि १ क्रमांकाच्या पिनेवरून परतते. म्हणजे तिला तारच लागते. मिक्सरचे बटण दाबल्यावर ती रिसीव्हरपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. हवेतून माईकपर्यंत जाण्याची तिला सोय नाही. कंडेन्सर माईकला लागणारा विद्युतदाब ट्रान्समीटरनेच पुरवला पाहिजे, आणि सगळेच प्लग-ऑन ट्रान्समीटर तो पुरवत नाहीत. रिसीव्हर ज्या चॅनेलवर आहे तिथले फँटम तर बंदच ठेवावे. तिथे त्याचा उपयोग काहीच नाही.

आवाज फाटण्याच्या तक्रारीवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासूनचा, सर्वांच्या हाताखालून गेलेला डायनॅमिक माईक घ्या. एक पास्कल ध्वनिदाबाला, म्हणजे ९४ डेसिबलला, तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. स्टेजवरचा एखादा कंडेन्सर माईक त्याच दाबाला २० मिलिव्होल्ट देऊ शकतो, म्हणजे जवळजवळ अकरा पट. आता ओठ जाळीला टेकवून तयारीच्या गळ्याने वरचा स्वर खुला लावला आणि तिथे १२४ डेसिबल झाले असे धरू. ९४ पासून ३० डेसिबल वर म्हणजे दाब सुमारे बत्तीस पट. डायनॅमिक माईक साठेक मिलिव्होल्टपर्यंत जाईल. कंडेन्सर मात्र सहाशेच्या पुढे, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्याही वर. ही माईकची पातळी राहिलीच नाही, ती लाईनच्या, म्हणजे उपकरणांमधल्या आधीच वाढवलेल्या सिग्नलच्या, पातळीच्या दारात येऊन उभी राहिली. ट्रान्समीटरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) आधीच्या डायनॅमिक माईकसाठी लावलेला तसाच राहिला असेल, तर त्याचा प्रीअँप पहिल्याच तानेला माथ्याला टेकणार आणि आवाज फाटणार.

हे फाटणे आवाज रेडिओ लहरींवर चढण्याच्याही आधी होते, ही यातली खरी अडचण आहे. पुढे मिक्सरचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) खाली ओढला तर फाटलेला आवाज फक्त हळू ऐकू येतो. मिक्सरवर तांबडा दिवा लागत नाही, म्हणून माणूस मिक्सरला निर्दोष ठरवतो आणि संशय ‘वायरलेस’वर जातो. मी स्वतः एका कार्यक्रमात अर्धा तास रिसीव्हरच्या अँटेना हलवत बसलो होतो आणि दोष माझ्याच खिशातल्या ट्रान्समीटरच्या गेनमध्ये निघाला होता, त्यामुळे हे मी कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही.

साउंड चेकला ‘हॅलो, एक, दोन, तीन’ यावर गेन ठरवू नये. गायिकेला तिची सर्वांत चढी ओळ, नेहमीच्याच अंतरावरून, पूर्ण ताकदीने म्हणायला सांगावे. ट्रान्समीटरवर किंवा रिसीव्हरच्या ऑडिओ मीटरवर पीकचा (पातळी मर्यादेला पोहोचल्याचा) दिवा लागायचा थांबेपर्यंत ट्रान्समीटरचा गेन उतरवावा, आणि मग आणखी सहा डेसिबल उतरवून ठेवावा, कारण श्रोते समोर बसले की कुणीही साउंड चेकपेक्षा जोरातच गाते. कमी पडलेला आवाज मिक्सरवर उचलता येतो. गेन तळाला नेऊनही फाटणे थांबले नाही, तर ट्रान्समीटरला पॅड (येणारा सिग्नल घटवणारी कळ) आहे का ते पाहावे. त्यानेही सुधारणा झाली नाही, तर संशय माईकवर घ्यावा : काही ट्रान्समीटर ४८ ऐवजी १२ किंवा १५ व्होल्टच देतात, आणि पूर्ण ४८ व्होल्टसाठी बांधलेला माईक तेवढ्यावर बोलतो खरा, पण मोठ्या आवाजाला आतल्या आतच दम तोडतो.

पोकळ आवाजाची आपली चाचणी मला जास्त रंजक वाटली. आपण लिहिले आहे की दोन्ही माईक शेजारी होते आणि ‘दोन्ही फेडर वर’ होते. आपला ट्रान्समीटर डिजिटल असेल, तर त्यातून येणारा आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो. समजा हा उशीर तीन मिलिसेकंदांचा आहे. एकट्याने ऐकला तर तो जाणवणारही नाही, कारण तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम मीटरभर जातो. पण तोच आवाज केबलवरून आलेल्या आवाजात मिसळला की १६७, ५००, ८३३ हर्ट्झ असे ठरावीक अंतरावरचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरलेला आवाज नळीतून आल्यासारखा लागतो. आपल्या कानांनी बरोबर ऐकले, पण तो आवाज या किंवा त्या माईकचा नव्हता. दोघांच्या बेरजेचा होता. चाचणी पुन्हा कराल तेव्हा दोन्हींची पातळी सारखी करून एका वेळी एकच फेडर वर ठेवावा. ट्रान्समीटर अ‍ॅनालॉग असेल तर उशिराचा प्रश्न जवळजवळ नसतो. तेव्हा कुठेतरी पोलॅरिटी (सिग्नलचे अधिक-उणे) उलटली आहे का ते पाहावे, कारण त्यानेही दोन माईक एकत्र आले की खालचा भरणा निघून जातो.

सिग्नल तुटण्याबाबत मात्र मीच दोषी आहे. प्लग-ऑनला लोंबती तार नसते, कारण बहुतेकांत माईकचे धातूचे अंग आणि ट्रान्समीटरचे धातूचे खोकेच मिळून अँटेनाचे दोन हात बनतात. त्या सांध्यावर मूठ आवळली की अँटेनाच मुठीत जाते. आणि माझ्या लेखातल्या फोटोत मी नेमका तिथेच माईक धरलेला आहे! फोटो छान आला म्हणून टाकला होता. आपण तो पाहून तसेच धरले असेल तर तक्रार रास्त आहे. हात माईकच्या वरच्या भागावर ठेवावा. स्टँड असेल तर उत्तमच. रिसीव्हर टेबलाखाली न ठेवता माणसांच्या डोक्यांच्या वर, ट्रान्समीटर दिसेल असा ठेवावा, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसांच्या गर्दीत चटकन शोषल्या जातात. माईकचे अंग प्लास्टिकचे असेल तर पल्ला घटेल, हेही ओघाने आले.

बॅटरी लवकर संपते असेही आपण एका ओळीत लिहिले आहे, म्हणून मीही थोडक्यात लिहितो. चार मिलिअँपिअर ओढणारा माईक ४८ व्होल्टवर सुमारे ०.१९ वॅट खातो. दोन एए सेलच्या तीन व्होल्टवरून ती शक्ती काढायची म्हणजे ६४ मिलिअँपिअर, आणि रूपांतरातली घट धरली तर ऐंशीच्या आसपास. तेही ट्रान्समीटरच्या स्वतःच्या खर्चावर. डायनॅमिक माईक लावलेला असताना फँटम चालू राहिले तर माईक फारसे काही ओढत नाही, तरी ४८ व्होल्ट तयार ठेवणारा भाग उगाच राबत राहतो. ते बंद करावे.

आता आपला निष्कर्ष. स्टेजवर फिरत गाणाऱ्या व्यक्तीसाठी हॅण्डहेल्डच घ्यावा, याच्याशी मी सहमत आहे. प्लग-ऑन जोडला की माईक लांबतो, शेपटीकडे जड होतो आणि सांधा किंचित जरी हलला तरी त्याची खटखट थेट आवाजात उतरते. पण ‘लोकांनी’ हा शब्द फार मोठा आहे. बूमच्या लांब काठीला शॉटगन माईक (समोरचाच आवाज टिपणारा) लावून चित्रीकरण करणारा, किंवा मोजमापाचा माईक घेऊन स्पीकर जुळवत सभागृहभर फिरणारा माणूस हॅण्डहेल्डचे काय करणार? त्याला हवा तो माईक हॅण्डहेल्डच्या रूपात मिळतच नाही. अशांसाठी हा ट्रान्समीटर मी आजही सुचवेन. मोजमाप करणाऱ्याने मात्र उशिराचे आकडे वायरलेसवरून घेताना प्रणालीचा स्वतःचा उशीर वजा करायला विसरू नये.

लेखातले ते वाक्य आज बदलले आहे, फोटो काढला आहे आणि गेन लावण्याचा परिच्छेद नव्याने घातला आहे. त्या दिवशी दुसऱ्या ट्रान्समीटरचा गेन कितीवर होता आणि तो फँटम किती व्होल्ट देतो, एवढे दोन आकडे कळवलेत, तर आवाज प्रीअँपमध्ये फाटला की माईकमध्ये, हे बहुधा सांगता येईल.