सरकार बंद पडल्यास काय करावे?

2025 साली इथं अमेरिकेत सरकार बंद पडलं, ते मिटल्यावर घरमालक कंपनीचं पत्र आलं. नोव्हेंबरचं भाडं नऊ दिवस उशिरा भरलं, सबब 75 डॉलर दंड. खाली सणाच्या शुभेच्छा. म्हटलं, आपण पैसे भरून शिकलो ते वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या माणसांना फुकट सांगावं. तेव्हा लक्षपूर्वक वाचा, बंद मिटवताना दिलेली खर्चाची मंजुरीही बऱ्याच खात्यांना 30 जानेवारी 2026पर्यंतच होती.

सर्वात आधी, कंत्राटी होऊ नका. मी मेरीलँडमधल्या एका सरकारी कचेरीत संगणकाचं काम करते, पण पगार देते कंत्राटदार कंपनी. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर, 43 दिवस, पैसा मंजूर नाही म्हणून काम बंद. शेजारच्या टेबलावरच्या बाई सरकारी. 2019च्या कायद्याने त्यांना मागचा पगार मिळतो, आणि मिळालाच पाहिजे, रोजच्या डब्यातलं अर्धं त्या मला देतात. आम्हा कंत्राट्यांबद्दल मात्र तो कायदा गप्प आहे. तेच काम, तीच लिफ्ट.

सांगलीला आईला समजवायला जाऊ नका.

"सरकार बंद म्हणजे काय गं? संप?"

"नाही, खर्चाचं बिल मंजूर होईना. आरोग्यविम्याच्या सवलतीवरून दोन पक्षांचं भांडण."

"मग त्या खासदारांचा पगार?"

"तो चालू असतो."

"हं," आई म्हणाली. "म्हणजे आपल्यासारखंच की."

घर घेणार असाल तर नदीपासून लांब घ्या, कारण पुराच्या सरकारी विम्याच्या नव्या पॉलिसीही त्या काळात बंद होत्या. सांगलीच्या पोरीने हे सांगायला नको.

घरमालकाला पत्र लिहा. चेष्टा नाही. 2018च्या डिसेंबरात, मागच्या 35 दिवसांच्या बंदच्या वेळी, सरकारच्या कर्मचारी खात्याने अशा पत्रांचे तयार नमुनेच दिले होते. त्यात भाड्याच्या बदल्यात रंगकाम, सुतारकाम करून देण्याची सूचना होती. मला सुतारकाम येत नाही. ही उणीव आधी भरून काढायला हवी होती.

आता मुख्य सूचना: कर्ज काढा. ही माझी नव्हे, थोरामोठ्यांची. त्याच बंदमध्ये तेव्हाचे व्यापारमंत्री विल्बर रॉस यांना टीव्हीवर प्रश्न पडला होता, की लोक फुकटच्या धान्यासाठी रांगा का लावतात, बँकेकडून नाहीतर क्रेडिट युनियनकडून कर्ज का घेत नाहीत? त्यांच्याच खात्यातल्या नोकरांची क्रेडिट युनियन तेव्हा अशा कर्जाला जवळजवळ 9 टक्के व्याज लावत होती. मंत्र्यांच्या कानावर नसेल आलं.

क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतपेढी. माझे बाबा शिक्षकांच्या पतपेढीचे मानद सचिव होते. वार्षिक सभा, चहा, स्टीलचा डबा आणि कुणाला जामीन राहू नये यावर तासभर भाषण, यात माझं बालपण गेलं. इथल्या पतपेढ्यांच्या मुळाशीही आपणच आहोत. बॉस्टनचे दुकानदार एडवर्ड फायलीन 1907 साली हिंदुस्थानात आले, खेड्यांतल्या सहकारी पतसंस्था पाहून भारावले आणि परत जाऊन त्याच्या मागे लागले. 1909मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पतपेढ्यांचा कायदा झाला, 1934मध्ये देशाचा. 2025च्या बंदमध्ये त्यांच्यातल्या कित्येकांनी अडकलेल्या पगाराइतकं कर्ज शून्य व्याजाने दिलं. मीही गेले. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "सरकारी की कंत्राटी?" आणि उत्तर ऐकून आवाजच खाली आणला. शून्य व्याजाचं कर्ज मागाहून येणाऱ्या पगारातून आपोआप कापून घेतात. मागाहून काही येणारच नाही, त्याच्याकडून कापणार काय? मला साधं कर्ज मिळालं, 11 टक्क्यांनी. ती पोरगी तीनदा सॉरी म्हणाली. तिचा काय दोष?

आणि हे शून्य टक्के कुणाच्या खिशातून येतात? सभासदांच्या. बसचालक, नर्स, निवृत्त शिपाई यांच्या ठेवी. भांडण कुणाचं, व्याज कोण सोसतंय बघा! वर त्याच पतपेढ्यांची आयकरमाफी काढून घेण्याची चर्चा 2025मध्येच चालली होती, करकपातीसाठी पैसा हवा म्हणून. त्यांच्या संघटनांनी कॅपिटॉलचे, म्हणजे इथल्या संसदेचे, उंबरे झिजवले, सभासदांकडून पत्रं लिहवून घेतली, तेव्हा कुठे जुलैच्या कायद्यात माफी टिकली. ऑक्टोबरात बंद सुरू झाला आणि गरीब वस्त्यांत कर्ज देणाऱ्या पतपेढ्यांना मदत करणाऱ्या सरकारी निधीच्या अख्ख्या कचेरीला घरी जाण्याच्या नोटिसा! बंद मिटवताना त्या मागे घ्यायला लावल्या, पण काय मेहेरबानी! एकीकडे म्हणायचं पतपेढीकडे जा, दुसरीकडे पतपेढीच्याच पायाखालची फळी काढायची. पतपेढ्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था मात्र बंदमध्येही चालू होती. तिचा खर्च पतपेढ्याच भरतात ना.

काटकसर करा, असंही लिहिणार होते. नाही लिहीत. बास झालं.

खासदारांनो, वर्षाला 174,000 डॉलर घेता तुम्ही, आणि तुमच्या पगाराची तरतूद दरवर्षीच्या मंजुरीत येतच नाही. जवळजवळ 14 लाख माणसांचा पगार अडवून ठेवलात, त्यातल्या निम्म्यांहून अधिकांना फुकट राबवलंत. मनोऱ्यात बसून विमानं उतरवणारे बिनपगारी, आणि तुम्ही कॅमेऱ्यासमोर कोण हरलं ते मोजत होतात. लाज वाटली पाहिजे. एकेकाला. दोन्ही बाजूंच्या.

पुढची मुदत संपायच्या आत एकत्र बसा आणि खर्चाचा तो आकडा मंजूर करा. तेवढं जमणार नसेल तर त्या दिवशी तुम्हीच पतपेढीच्या काउंटरवर येऊन उभे राहा, आणि रांगेतल्या कंत्राटी बाईला नाही म्हणा. ती पोरगी पुन्हा का म्हणेल?