पाच वर्षांच्या पोराला आकाश दाखवून काय उपयोग? त्या फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. सार एवढंच की आठ-दहा वर्षांच्या आतल्या मुलांना आकाशदर्शन वगैरे फुकट आहे, कारण शहरातून काही दिसत नाही, दाखवायचंच तर ५०० पट मोठं दाखवणारा टेलिस्कोप लागतो, जागरणाने झोपेचं खोबरं होतं, त्यांना त्यातलं काही कळत नाही आणि ग्रहणात तर मुलांना घराबाहेर काढूच नये. एकेक घेते.

शहरातून काही दिसत नाही. आकाशगंगा दिसत नाही, मान्य, मुंबई-पुण्यातून तर विसराच. पण पाच वर्षांच्या पोराला आकाशगंगा हवीय कुठे? चंद्र दिसतो, शुक्र आणि गुरू आकाशात असतील तेव्हा स्ट्रीटलाइटला न जुमानता दिसतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी मृग नक्षत्र. मृगाच्या पोटातला बाण म्हणजे एका ओळीत तीन तारे, एकदा बोट दाखवलं की दुसऱ्या दिवशी पोरगं स्वतःच शोधतं. ती ओळ एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीचा सगळ्यात तेजस्वी तारा, आणि उलट बाजूला वाढवली की लालसर रोहिणी. आणि दिवसाचं काय? मे महिन्यात पुण्याला १३-१४ तारखेला आणि मुंबईला १५-१६च्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमाराला बाटली उभी ठेवली की तिची सावली सरकत सरकत बुडाखालीच जाते. शून्य सावली. दिल्लीकरांना हे कधीच बघायला मिळत नाही, कर्कवृत्ताच्या वर राहतात ना. आपल्याला घरबसल्या मिळतं, वर शाळेला सुट्टी.

आता टेलिस्कोप, कारण खरा वैताग इथेच आहे. खोक्यावर ५०० पट लिहिलेलं असतं पण भिंग असतं ६० मिलिमीटरचं, आणि साधा हिशोब असा की भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका त्याच्या दुपटीपर्यंतच मोठं करण्यात अर्थ असतो, म्हणजे फार तर १२० पट, त्यापुढे नुसता धूसर गोळा. त्यात स्टँड इतका तकलादू की हात लावला की गुरू गायब, पृथ्वी फिरतेय म्हणून तो तसाही सरकत असतो, आणि स्टुलावर चढलेल्या पोराला शेवटी स्वतःच्या पापण्या दिसतात. दोन वेळा असं झालं की खोकं माळ्यावर. गॅलिलिओने १६१०च्या जानेवारीत गुरूचे चंद्र बघितले ते साधारण वीस पटीच्या दुर्बिणीतून. त्यामुळे पैसे घालवायचेच असतील तर साधी बायनॉक्युलर घ्या, गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवून चंद्रावरचे खड्डे आणि कृत्तिका नक्षत्रातला ताऱ्यांचा पुंजका मस्त दिसतो (सूर्याकडे मात्र चुकूनही रोखायची नाही, मोठ्यांनी शेजारी उभं राहायचं). मोठ्या दुर्बिणीतून शनीची कडी बघायचीय तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करतेय, मुंबईचं खगोल मंडळही आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतं.

झोप? थंडीत सहाला सूर्य मावळतो, साडेसातला सगळं हजर, साडेआठला पोरं अंथरुणात. पुढे चला.

काही कळत नाही. प्रकाशवर्ष नाही कळणार, किती मोठ्यांना कळतं? पण गाडीतून जाताना प्रत्येक मूल एकदा तरी विचारतं की चंद्र आपल्या मागे मागे का येतोय. हा खराखुरा खगोलशास्त्राचा प्रश्न आहे. त्याला म्हणा, जवळची झाडं बघ कशी भुर्रकन मागे जातात, लांबचा डोंगर किती हळू, आणि चंद्र तर पावणेचार लाख किलोमीटरपेक्षाही लांब, तो कशाला हलतोय. आणखी एक करा, अमावास्येनंतर रोज संध्याकाळी सातला एकाच जागी उभं करून चंद्र कुठे आणि कसा दिसतो ते चितारायला सांगा. आधी पश्चिमेला कोर, अष्टमीला जवळजवळ डोक्यावर अर्धा, पौर्णिमेला पूर्वेला पूर्ण. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी म्हणजे काय हे मग वेगळं शिकवावं लागत नाही, आणि पावसाळ्यात ढगांमुळे हे जमत नाही हेही आधीच सांगते.

ग्रहण. इथे मेसेजवाल्याने दोन गोष्टींची खिचडी केलीय. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी काहीही होत नाही. ७ सप्टेंबर २०२५ला रात्री अकरानंतर खग्रास होतं, जवळपास ८२ मिनिटं, ढग नव्हते तिथल्या लोकांनी तांबडा चंद्र आरामात बघितला. सूर्यग्रहणात धोका आहे तो थेट सूर्याकडे बघण्याचा, तो एरवीही तेवढाच असतो, ग्रहणात वेगळे विषारी किरण वगैरे काही निघत नाहीत. एक्स-रेची फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच यातलं काहीही चालत नाही, खात्रीचे ग्रहणचष्मेच हवेत. आणि लहानग्यांना तेही डोळ्यावर नीट ठेवता येत नसतील तर सूर्याकडे पाठ करा, बुंदीचा झारा उन्हात धरा, जमिनीवर प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोरीसारखा सूर्य पडतो, डझनांनी. पोरं वेडी होतात.

२ ऑगस्ट २०२७ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाने दगा दिला तर इलाज नाही. पण वार सोमवार आहे, तेव्हा मुलांना त्या वेळी वर्गात कोंडून ठेवणार की झारा घेऊन मैदानात आणणार, हे शाळेला जरा आधीच विचारून ठेवा.